झडतीतला गणपती

माझ्या भुवईवर चार टाके आहेत. ते पडले त्याच दिवशी साहेब म्हणाले, "घाबरू नकोस, कायदा तुझ्या पाठीशी आहे." मी जिल्ह्याच्या तुरुंगात शिपाई. ड्युटीवरच्या सरकारी नोकराला मारलं की तीनशे त्रेपन्न लागतं. कलमाचा नंबर आता बदललाय, पण आमच्या तोंडून जुनाच निघतो.

मारणारा कैदी पेणजवळच्या जोहे गावचा, मूर्तीच्या कारखान्यातला कारागीर. भाद्रपदात त्याने बागेतल्या मातीचा वीतभर गणपती करून बराकीत ठेवला. झडतीत तो मला सापडला. परवानगीशिवाय वस्तू ठेवायची नाही, हा नियम. शिवाय माझी सासुरवाडीही जोह्याचीच. डोळे आखले नाहीत तोवर मूर्ती म्हणजे नुसती माती, हे तिथे पोरंसोरंही सांगतात. मला बिनरंगाचा गोळा दिसला. मी तो पाण्याच्या बादलीत दाबून टाकला. त्याने हातातलं जेवणाचं ताट माझ्या कपाळावर हाणलं.

त्या संध्याकाळी रोह्याला एसटीतून उतरून, नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या घरी आलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोळे आखलेले व्हते काय?"

मी चक्रावलो. बादलीतल्या चिखलात काजळीची एक रेघ दिसल्यासारखी वाटते. पण ती मोडण्याआधी दिसली, मोडल्यावर, की बायकोने विचारल्यावर? अजूनही छातीठोक सांगता येत नाही. मार मी खाल्ला आणि चोरासारखं मलाच वाटतंय, याचा राग येतो. जबाबात 'विनाकारण हल्ला' असं लिहिलंय. खाली सही माझी.

रेघेचं मी बायकोला सांगून बसलो होतो. साक्षीच्या दिवशी ती म्हणाली, "त्या रेघेचं सांगा. त्याची शिक्षा जरा कमी व्हईल."

"आणि माझी नोकरी?"

तिने डबा भरून माझ्या हातात दिला.

कोर्टात त्याच्या वकिलाने बराकीत उजेड किती होता, ताट कुठल्या हातात होतं, एवढंच विचारलं. मग सरकारी वकील पुन्हा उठले, म्हणाले, "हल्ल्याला काही कारण होतं का?" "जबाबात आहे तेच," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"डोळ्यांचं कोणी विचारलंच नाय."

"आणि तो? तो काय करत व्हता?"

मला सांगता येईना. साक्ष संपेपर्यंत मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.