माफ केलं, असं लिहू नका

मंजनाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बीडच्या स्टँडवर पाटोद्याच्या एसटीची वाट बघत होते. “बाई, आय गेली,” तिची सून सुरेखा एवढंच म्हणाली. मला आधी रडू नाही, चीड आली. अजून तिचं पुस्तक निघायचं होतं...

तिची नातवंडं माझ्या वर्गात होती. एक दिवस ती शाळेत येऊन म्हणाली, “आमा पारध्यांचं लोकं कायबी सांगतेत. माजं मी सांगते, तुमी लिवा.” मग दर रविवारी ती सांगायची, मी लिहायचे. ती लहान असताना गावात चोरी झाली आणि पारध्यांवर आळ घेऊन जमावानं यांच्या झोपड्या पेटवल्या. सगळे अनवाणी बाभळबनात पळाले; त्या पळापळीत तिचा तान्हा भाऊ गेला. हे तिनं एका दमात सांगितलं आणि म्हशीला पाणी दाखवायला उठली. ती म्हैस घेतली तेव्हा गावच्या दूध संस्थेनं पारध्याचं दूध नको म्हणून परत पाठवलं. तरी ती रोज किटली घेऊन तिथल्या ओट्यावर बसायची. मग दुष्काळ पडला. लोकांनी जनावरं विकली. हिनं उसाच्या फडातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डोक्यावर आणून म्हैस जगवली. संस्थेला दूध कमी पडलं आणि हिचं दूध एकाएकी चालायला लागलं! कुणी चुकलो म्हणालं नाही.

प्रकाशक म्हणाले, “शेवटी तिनं गावाला माफ केलं असं येऊ द्या, वाचकाला बरं वाटेल.” मी तिला विचारलं. “माफी मागाया कोन आलं, बाई? मागितलीच न्हाई, तर देऊ कुनाला? तसं लिवू नका.” पुस्तक तिथंच अडकलं. मी फोन करत राहिले, ते पुढच्या महिन्याचा वायदा करत राहिले.

शोकसभेत दूध संस्थेचे चेअरमन म्हणाले, “मंजनाबाईंनी मोठ्या मनानं गावाला माफ केलं.” मी उठले आणि तिचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं. सभा लवकर आटोपली.

तिथून तिच्या घरी गेले. दाराबाहेर तिच्या वहाणा होत्या. झोपड्या जळाल्यापासून ती वहाणा घालूनच झोपायची, लग्नात, बाळंतपणातसुद्धा. कधी पळावं लागेल, नेम नाही. चार वर्षांमागं एका रविवारी हसत म्हणाली होती, “बाई, हे लिवा. आता मी पायताण भाईर काढून झोपते. लई गाढ झोप लागती.” मी पुस्तकाचा शेवट तोच केला होता; प्रकाशकांना तो फार किरकोळ वाटला.

सुरेखा झाडताना त्या वहाणा उचलते, खालची जागा झाडते आणि परत तिथंच ठेवते.