धाकूची घसरगुंडी

देवाने धाकू मेस्त्रीला हात दिले ते ग्रीस लावूनच दिले, असं त्याची बायको नलिनी म्हणते. खोटं नाही. मुलुंडला, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत, पत्र्याच्या एका गाळ्यात धाकू माल चढवायचे पट्टे बनवतो. साहेबलोक त्याला कन्व्हेयर म्हणतात, गल्लीत सगळे पट्टाच म्हणतात. चाकांवर उभं केलेलं लांबलचक लोखंडी धूड आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा. एक टोक जमिनीला, दुसरं वर ट्रकला लावायचं, कळ दाबायची, की सिमेंटचं पोतं बसल्या बसल्या वर. हमालाची कंबरही शाबूत आणि तोंडही गप्प.

आणि धाकूचं त्या पट्ट्यांवर प्रेम किती, काय विचारता! बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली, पोरगा वेल्डिंग शिकला. अशी घरं त्या गल्लीत चिक्कार. पण बाकीचे पोटासाठी शिकले, हा वेडा मजेसाठी शिकला. मनोरीच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या चढवायला त्याने पट्टा दिला. आरे कॉलनीत पेंडीची पोती उतरवायला दिला, तर तिथे एक रेडकूच पट्ट्यावर चढलं. पट्टा खाली येतोय, रेडकू वर चालतंय, चालतंय, चालतंय आणि आहे तिथेच! बंद करायचं सोडून धाकूने हसत हसत जमिनीवर बसकण मारली. गोठेवाल्याने त्याला जी शिवी दिली ती इथे सांगायची सोय नाही.

धाकूची एक रीत होती, आणि ती मोडायची नाही म्हणजे नाही. नव्या जागी पट्टा उभा केला की आधी गाऱ्हाणं. गावाकडे मालवणला देवाला मोठ्या आवाजात साकडं घालतात आणि जमलेले सगळे दर वाक्याला 'होय महाराजा!' असं ओरडतात ना, तेच. गाऱ्हाणं संपेपर्यंत कळीला बोट लावायचं नाही. संपलं की पहिला नारळ पट्ट्यावर. तो वर पोचला की फोडायचा, मग माल.

आता यात एक गोम आहे. मोटारीला तीन तारा असतात. नव्या जागच्या विजेला जोडताना त्यातल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या की मोटार उलटी फिरते आणि वर जायचा पट्टा खाली येतो. कोणीही शहाणा माणूस आधी जरासा फिरवून बघतो. पण धाकू कसला शहाणा! "देवाक इचारल्याशिवाय? नाय!" पट्टा उलटा निघाला तर नारळ गडगडत परत यायचा, धाकू तारा बदलायचा, नारळ पुन्हा ठेवायचा. नारळ काही तक्रार करत नाही.

नलिनी करते. नवी नवरी असताना धाकूने तिला हौसेने नव्याकोऱ्या गाळ्यात नेलं होतं. हिरवा चुडा, डोक्यावर पदर. तिरका पट्टा बघून ती खुदकन हसली, "अहो, ही तर घसरगुंडी!" धाकूला ते लागलं. त्याने रुबाबात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, कळ दाबली. पट्टा उलटा फिरला आणि नारळ सुसाट खाली येऊन नलिनीच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. झालं! त्या दिवसापासून ती गाळ्याची पायरी चढली नाही. व्यापाऱ्यांनी धाकूची तारीफ केली, पेढे दिले, कोणी कोणी मिठीसुद्धा मारली. घरात मात्र त्याच्या कामाचं नाव घसरगुंडी ते घसरगुंडीच. एकदा, आयुष्यात एकदा, नलूने आपला पट्टा बघावा आणि 'बरा आहे' म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

मग मानसीचं लग्न आलं.

मानसी ही त्यांची एकुलती एक लेक. नवरा मुलगा केतन, चेंबूरच्या राजाराम आणि कमल गायकवाडांचा. दोन्ही घरांनी आधी थोडं तोंड वाकडं केलं, मग एकमेकांकडचं मटण खाल्लं आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. आधी त्यांची बुद्धवंदना, मग यांच्या मंगलाष्टका, कोणाचं काही राहायला नको असं ठरलं. मुहूर्तावरून जरा कुरबुर झाली तेव्हा राजाराम म्हणाले, "आम्ही मुहूर्त मानत नाही. जेवणाची वेळ मानतो." ती आणि मुहूर्ताची वेळ जवळजवळ एकच निघाली, देवाची कृपा.

हॉल गाळ्याच्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. खाली स्कूटरी, वर लग्न. जिना अरुंद, खडा आणि मध्येच वळणारा. पण लिफ्ट होती, म्हणून कोणी काळजी केली नाही. कारण काळजी करण्यासारखी एकच गोष्ट होती: नलिनीचे गुडघे. आधीच दुखरे, त्यात आठवडाभर पाटावर बसून बाईने लाडू वळलेले. गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते.

सकाळी जेवणाचा ठेका घेतलेली शकू लिफ्टमध्ये शिरली. एकटी नाही, श्रीखंडाची पातेली, पुऱ्यांचं पीठ आणि एक लोखंडी शेगडी घेऊन. लिफ्टने बिचारीने अर्ध्यापर्यंत प्रयत्न केला, एक उसासा टाकला आणि दोन मजल्यांच्या मध्ये कायमची बसली. दुरुस्तीवाला ठाण्याहून निघाला होता, म्हणजे कधी येणार ते त्यालाच ठाऊक.

"शकू, ठीक आहेस ना गं?" खालून सगळे ओरडले.

"मी श्रीखंडापाशी आहे!" लिफ्टच्या जाळीतून आवाज आला. "माझी काळजी नको. मसालेभाताकडे बघा, करपेल!"

एवढ्यात नलिनी रिक्षातून उतरली. हिरवी पैठणी, नाकात नथ, हातात रुखवताचं ताट. जिना बघितला आणि तिचा चेहराच उतरला. एक पायरी चढली. दुसरीवर "आई गं!" म्हणून खाली बसली. वरातीच्या पुढे आलेले केतनचे दोन धष्टपुष्ट मित्र खुर्ची घेऊन आले. वळणावर खुर्ची अडकली, एकाचा हात नलिनीच्या दंडाला लागला आणि तिने त्याला असा फटका मारला की तो मदतनीसांतून थेट प्रेक्षकांत गेला.

"मी काय पोतां आसंय?" नलिनी कडाडली. चिडली की ती थेट मालवणीवर येते.

वरून मानसी वाकून बघत होती. मुंडावळ्या बांधलेल्या, डोळे भरलेले. "आई, मी खाली येते. इथेच लागू दे लग्न."

"स्कूटरींमध्ये? नवरी माझ्यासाठी मांडवातून उतरणार? मुळीच नाही! तुम्ही लावून घ्या. मी इथूनच टाकते अक्षता."

असं म्हणाली खरी, पण म्हणताना नजर वर मानसीवरच होती. जिच्यासाठी एवढे लाडू वळले, तिच्या डोक्यावर अक्षता पडताना आई जिन्याखाली बसणार! धाकूने वर पाहिलं. हॉलला रस्त्याच्या बाजूने गॅलरी होती, तिच्या कठड्यात सामान घ्यायला एक फाटक. फाटक आणि जमीन. जमीन आणि फाटक. ट्रकपेक्षा जरा उंच, इतकंच.

"सुशांत!" त्याने गाळ्यातल्या आपल्या भागीदाराला हाक मारली. "भिवंडीचा पट्टा तयार आहे ना रे?"

"उद्या द्यायचाय, धाकू. खुळा झालास काय?"

"झालो. चल!"

पुढचं दृश्य त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. टेम्पो मिळेना, म्हणून वऱ्हाडीच धावले. जरीच्या टोप्या, शेरवान्या, गजरे, पांढऱ्या साड्या, सगळे मिळून ते लोखंडी धूड रस्त्यावरून ढकलत आणतायत! तेवढ्यात केतनची वरात समोरून आली. बँडवाल्यांना वाटलं हाही लग्नातला कार्यक्रम. त्यांनी चाल बदलून जोरात वाजवायला घेतलं आणि केतनची दिशा नावाची मावसबहीण पट्ट्यापुढेच नाचायला लागली. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे वरातीपुढे पट्टा! रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि मग ते पण खाली उतरून ढकलायला लागले.

पट्ट्याचं वरचं टोक गॅलरीच्या फाटकाला टेकवून दोराने करकचून बांधलं. खाली लग्नाचाच पाट ठेवला, रांगोळी काढलेला. सुशांतने हॉलच्या विजेला तारा जोडल्या. राजाराम जन्मभर वायरमनचं काम करून रिटायर झालेले. ते म्हणाले, "व्याही, एकदा नुसता फिरवून बघा की."

"गाऱ्हाण्याआधी? नाय हां!"

राजारामांनी हात जोडले आणि बाजूला झाले. लग्नाच्या दिवशी व्याह्याशी कोण वाद घालणार?

आता प्रश्न नलिनीचा. ती पट्ट्याकडे बघत होती, पट्टा तिच्याकडे. धाकूचा जीव टांगणीला. वरून भटजी ओरडले, "मुहूर्त चाललाय!"

"घसरगुंडीवर बसवता मला?" नलिनी म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"हळू सोडतो गो. गोगलगायीसारखा. मी मागे बसतो, तुझ्यामागे. पडायचं झालं तर आधी मी."

तिने वर मानसीकडे पाहिलं. पदर खोचला. "आणा तो नारळ इकडे. मी धरते मांडीवर. गेल्या वेळी सोडला तर अंगठा फोडला माझा."

म्हणजे नारळ आधी जायचा, तोही आता तिच्याबरोबरच जाणार! धाकूच्या डोक्यात काहीतरी चुकचुकलं, पण बायको पट्ट्यावर बसतेय या आनंदात ते राहूनच गेलं. नलिनी पाटावर बसली, मांडीवर नारळ. मागे तिला धरून धाकू, फेटा बांधलेला. आणि त्याने आवाज लावला.

"बा देवा महाराजाऽऽ!"

"होय महाराजा!" गल्ली दणाणली.

"आज ही तुझी लेक नलिनी पट्ट्यार बसता हा, तिका सांभाळून वर ने रे महाराजा!"

"होय महाराजा!" लिफ्टमधून शकूसुद्धा.

"आणि कोणी वाईटवाकडा चितलेला आसात, तर तेका तू बघून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" आणि त्यामागून गायकवाड मंडळींचं सवयीचं "साधु! साधु! साधु!"

सुशांतने कळ दाबली.

पट्टा फिरला. उलटा.

धाकू बसल्या बसल्या मागे सरकला, पट्ट्याच्या टोकावरून डेकोरेशनवाल्याच्या झेंडूच्या ढिगाऱ्यात बुडाला आणि त्याच्या मांडीवर, पाटासकट, पैठणीसकट, नारळासकट, नलिनी येऊन बसली. पट्टा थांबला. बँड थांबला. दिशा एक पाय वर धरून तशीच उभी.

वाट लागली, धाकूला वाटलं. गेलं सगळं. आता ही उभ्या जन्मात बोलणार नाही. त्याने झेंडू बाजूला करून डोळे उघडले.

नलिनीचे खांदे हलत होते. रडतेय! नाही. हसत होती. नथ हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, नारळ पोटाशी धरून. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "अहो, म्हटलं होतं ना घसरगुंडी!" आणि मग गल्लीने जो हंशा केला, त्याने वरचे भटजीही हसत खाली बसले.

धाकूने उठून दोन तारा बदलल्या. गाऱ्हाणं पुन्हा घालायचं की पहिलंच चालेल यावर मालवणी मंडळींत वाद सुरू झाला, तो राजारामांनी मिटवला. "देवाने ऐकलं हो. फक्त उलट्या बाजूने ऐकलं. बसा आता."

आणि नलिनी वर गेली. हळू, सरळ, पाटावर ताठ बसून, मांडीवर नारळ, केसांत झेंडूच्या पाकळ्या. खाली अख्खी गल्ली मान वर करून. मागे धाकू, तिचे दोन्ही खांदे धरून. त्याने इतकी वर्षं इतकी पोती वर पाठवली, पण एकाही पोत्याला असं धरून ठेवलं नव्हतं. गॅलरीत कमलताईंनी नलिनीला हात दिला, मानसी येऊन गळ्यात पडली. आधी वंदना, मग मंगलाष्टका, आणि आईने लेकीच्या डोक्यावर अक्षता अगदी जवळून, मूठ भरभरून टाकल्या.

धाकू मात्र हुरहुरत होता. ती हसली, वर आली, सगळं झालं. पण एक शब्द बोलली नाही. ना बरा, ना वाईट. पंगतीत बसल्यावरही तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ती आग्रहाने व्याह्यांना भात वाढत राहिली.

जेवणं संपता संपता ठाण्याचा दुरुस्तीवाला उगवला. लिफ्ट खाली आली, शकू बाहेर आली, आणि श्रीखंडाचं एक पातेलं बरंच कमी भरलं.

नवरा-नवरी निघायची वेळ झाली. सुशांत पट्ट्याचे दोर सोडायला गॅलरीत आला. केतनने लिफ्टचं दार उघडून धरलं. "या आई, झकास चालतेय आता."

नलिनी लिफ्टच्या दाराशी थांबली. आत बघितलं. मग वळली आणि लंगडत लंगडत गॅलरीकडे चालू लागली.

"सुशांत, दोर बांध परत," ती म्हणाली. "आणि त्या तारा मघासारख्या कर बघू, उलट्या."

"काकी?"

"अरे, खाली जायचंय ना मला?" तिने पाट स्वतःच पट्ट्यावर ठेवला आणि धाकूकडे पाहिलं. "तुम्ही पुढे बसा. आणि आधी गाऱ्हाणं घाला."