सशांना आग्रह

पुणेकरांच्या पाहुणचाराबद्दल उरलेला महाराष्ट्र जे काही बोलतो, ते सगळं माझ्या मामेसासऱ्यांनी एकट्याने खोटं पाडलेलं आहे. त्यांच्या घरून अर्धपोटी उठलेला माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सबंध नोकरी काढलेला हा माणूस. तिथे येणाऱ्याच्या खिशात काडेपेटी नाही ना, हे तपासायचे आणि घरी येणाऱ्याच्या ताटात रिकामी जागा नाही ना, हे. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा श्रीखंडाला "नको" म्हणत मी ताटावर हात आडवा धरला. मामांनी शांतपणे हातावरच वाढलं. "आता हातावरचं टाकून देणार का, सूनबाई?" मग नावं सुरू झाली. एक पुरी माझ्या नावाची, एक मामीच्या नावाची, एक तुझ्या सासूच्या नावाची, तिने काय घोडं मारलंय? तासाभरात सासरचा अख्खा गोतावळा माझ्या पोटात गेला. निघताना मामा फाटकाशी येऊन शिकवण देत होते, "पोट भरलं असं म्हणू नये गं, भरत आलं असं म्हणावं." रिक्षात मला धड बसवेना.

असल्या आग्रहाचा व्हायचा तो परिणाम झाला. नातेवाईक शहाणे झाले. कुणी दुपारी चारला यायचं, कुणी पथ्य चालू असल्याचं सांगायचं, आणि आमच्या एका नणंदेने तर सोळा सोमवार धरलेत असं सलग दोन वर्षं सांगितलं. निवृत्त झालेले मामा वाढायला कुणी नाही म्हणून अगदी कासावीस झाले. अशात समोरच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाची बदली झाली, आणि जाताना ते आपले दोन ससे मामांच्या ओटीत घालून गेले. एक पांढराशुभ्र नर, एक पिवळसर मादी. मामींनी नावं ठेवली, भात आणि मेतकूट. "ह्या घरात काहीतरी साधं असू दे एकदाचं," त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणात पेरूखाली मामांनी सशांसाठी जे घर उभारलं, त्याला कारखान्याच्या सुरक्षेचे सगळे नियम लागू होते. ओल लागू नये म्हणून घर उंच पायांवर. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. अर्धा भाग फळ्यांनी बंद, आत वाळक्या गवताची गादी. अर्धा भाग मोकळ्या हवेचा, त्याला बोटसुद्धा शिरणार नाही अशी बारीक जाळी. दाराला दोन कड्या, एक मांजरासाठी, एक मुंगसासाठी. मी विचारलं, "मामा, मुंगूस काय कडी बघून परत जातं का?" तर म्हणाले, "अपघात होत नाहीत ना, तोवर सगळे असंच हसतात." एप्रिलमध्ये छपरावर ओली पोती पडायची आणि आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली जायची. भात तिला टेकून असा लोळायचा की काय सांगू! मामी म्हणायच्या, "माझ्या खोलीतला पंखा नुसता कुरकुरतोय, आणि सशांना मात्र थंड हवेचं ठिकाण."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मामांच्या हातात वाढायला आलं की त्यांचा विवेक सुटतो. पहिल्या महिन्यात सशांना गाजरं, केळी, पोहे, सगळं झालं. होळीला पुरणपोळीचा काठसुद्धा गेला, कारण सणासुदीला दारचा जीव गवतावर ठेवायचा म्हणजे काय? भाताचं पोट फुगलं आणि तो कोपऱ्यात डोळे मिटून बसला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण तोंडाने फटकळ. "काका, हे लाड बंद! मेन जेवण गवत. पाला थोडा, गाजर क्वचित, आणि स्वच्छ पाणी."

"पाहुण्यांना गवत घालू?" मामा खरोखर दुखावले होते.

"पाहुणे ससे आहेत, काका."

मग मामा गवताच्या मागे लागले. वाळकं गवत पोत्याने येऊ लागलं, आणि ताज्या दूर्वांसाठी रोज मंडईची फेरी. तिथली दूर्वा विकणारी बाई एकदा हात जोडून म्हणाली, "काका, लई मोठं अनुष्ठान दिसतंय घरी." मामांनी गंभीरपणे मान डोलावली, "हो, दोन मूर्ती आहेत." मुळ्याचा पाला सशांना जाई आणि मुळे आम्हा सगळ्यांना घरपोच. त्या हिवाळ्यात आमच्या नात्यात कुणी मुळा विकत घेतला नाही, आणि आता कुणी त्याचं नावही काढत नाही.

अशी काही वर्षं मजेत गेली. गेल्या थंडीत एका सकाळी भात गवताच्या गादीवर निजला तो उठलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं, "काका, त्याचं वय झालं होतं." पण मामांनी मनाशी धरलं ते धरलंच. "सुरुवातीला मीच नको ते चारलं. माझा आग्रह बाधला त्याला."

आणि मेतकूटने खाणं सोडलं. दूर्वा नाही, पाला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, "तू ये बाई. तीही खात नाही नि हेही खात नाहीत." गेले तर मामा सशांच्या घरासमोर पाट मांडून बसलेले. डॉक्टरीणबाई औषध देऊन, पातळ खाणं पिचकारीने भरवून गेल्या होत्या. पण सशाने खाणं सोडलं की आतडी थांबतात, सकाळपर्यंत ती स्वतःहून खायला लागली नाही तर अवघड आहे, असं बजावून. मामांनी दूर्वांची जुडी तिच्यापुढे ठेवली होती आणि हात मांडीवर घेऊन नुसते बसले होते. तो माणूस वाढून गप्प बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला भडभडून आलं.

"मामा, जरा पुढे करून तर बघा."

"नाही गं. आता कुणाला आग्रह करायचा नाही, ठरवलंय."

मागून मामी कडाडल्या. "अहो, जन्मभर 'नको नको' म्हणणाऱ्यांच्या उरावर बसून वाढलंत, आणि आज जिला खरंच गरज आहे तिच्यापुढे मौन धरलंत होय? धन्य आहे तुमची!"

 मामांनी जाळीचं दार उघडलं, जुडीतली एक काडी काढून स्वतःच्या तोंडात घातली आणि सावकाश चावू लागले. "हं, गोड आहेत हो आजच्या." मग दुसरी काडी पुढे केली. "ही माझ्या नावाची." मेतकूट हलली नाही. "बरं, ही मामीच्या नावाची." नाही. "ही सूनबाईच्या नावाची." नाही.  ती काडी तशीच धरून मामा म्हणाले, "ही भाताच्या नावाची घे गं."

मेतकूटने मान पुढे केली, नाक हलवलं आणि काडीचं टोक ओढून घेतलं. तोवर औषध लागू पडलं असणार, मला कळतं. पण मामी पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि मामांचं ताट वाढून घेऊन आल्या.

मेतकूट आता ठणठणीत आहे. बदलले ते मामा. हल्ली ते एकदाच विचारतात आणि "नको" म्हटलं की थांबतात. "भरल्या पोटाला आग्रह म्हणजे शिक्षा गं," म्हणतात. सगळा गोतावळा खूश आहे, नणंदेचे सोमवारही सुटले. गेल्या रविवारी मी सवयीने ताटावर हात आडवा धरला, तर श्रीखंडाचं भांडं मुकाट्याने परत गेलं. मला कसंतरीच झालं. घर अगदी परक्याचं वाटायला लागलं. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "मामा, भाताच्या नावाचं एक वाढा की."

मामांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. मग भांडं उचललं आणि वाढलं, आणि मग मेतकूटच्या नावाचं, मामींच्या नावाचं, माझ्या सासूच्या नावाचं. परत येताना रिक्षात मला धड बसवत नव्हतं.