पोथीचा पिवळा

"ह्यो पिवळो नको रे झिला. ह्यो हळदीचो. माका पोथीचो पिवळो होयो."

हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला आमच्या गावात सगळे नुसतं काका म्हणत. श्रावणात दुपारी देवळाच्या मंडपात पोथी वाचायचा मान त्यांचा. आमच्याकडे एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. अर्थ सांगायला निवृत्त शाळामास्तर होते, आमचे गुरुजी. छापील पोथीतली अक्षरं काकांना दिसेनाशी झाली तेव्हा मी ती टॅबवर घालून दिली. मी ओरोसला कचेरीत कारकून, दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा. मला वाटलं, अक्षर मोठं केलं की संपलं. कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढच्या वैतागाचं खापर एकट्या काकांवर फुटणार नाही.

अक्षरामागच्या कागदाचा रंगही बदलता येतो हे मी त्यांना दाखवलं, आणि तिथे फसलो.

पांढरा नको. "भर दुपारी दर्यार रेवेत बघल्यासारख्या वाटता. डोळे टोचतत." राखाडी नको. "धुक्यातसून वाचू काय?" डोळ्यांना हिरवा बरा असतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून हिरवा लावला, तर म्हणाले, "शेवाळ आसा ह्या. अक्षर घसरता." राहिला पिवळा. आणि पिवळ्याचे किती प्रकार असतात हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही सुखी आहात.

माझी जागा त्यांच्या शेजारी ठरून गेली. त्यासाठी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकत होतो. श्रावणातलं ऊन तर तुम्ही जाणताच. मंडपात तिरीप आली की काका थांबायचे, ढग आला की पुन्हा थांबायचे. एकदा राजा सिंहासनाची पायरी चढत होता आणि मी त्याला एका पायावर उभा ठेवून स्क्रीनचा उजेड वाढवत होतो. बायका पदराआड हसत होत्या.

"काका, तुमका पाठच आसा मगे," गुरुजी एकदा म्हणाले. "तसाच म्हणा. ह्या बिचाऱ्याक कित्याक छळतास?"

"पाठ म्हणणा वेगळा, वाचणा वेगळा," काका म्हणाले. "अक्षर दिसला तरच मी त्वांड उघडतलंय."

या हट्टाला काय म्हणावं? ओवी त्यांच्या जिभेवर तयार असायची, ती मला दिसायची, पण नजर त्या शब्दावर बसेपर्यंत ते गप्प.

मग एका दुपारी आभाळ इतकं दाटलं की मंडपात दिवे लावावे लागले. माझं बोट कुठेतरी चुकीचं लागलं आणि स्क्रीन काळी झाली, अक्षरं पांढरी. गंमत म्हणजे काका धडाधड वाचत सुटले. एकही अडखळ नाही. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अगो बाय माझे, पोथी काळी झाली!"

काकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि हात जोडले. "काळी पोथी मी वाचूचंय नाय."

"पण दिसताहा मां तुमका?" माझा तोल सुटला. "इतके दिवस मी रंग हुडकतंय, आज दिसला तर तुमका विटाळ झालो?"

मी वरमलो. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि अगदी समजुतीने म्हणाले, "रागा नको. तो पिवळो आसा मां, तो अक्षरांक दी. मगे कागद काळो असलो तरी चलात."

काळ्यावर पिवळी अक्षरं. त्या श्रावणात पोथी शेवटाला गेली.

पुढच्या श्रावणात तेही चाललं नाही. कुडाळचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदाच खराब झालाय, वय आणि साखर, स्क्रीनचा दोष नाही. मी ते दोनदा विचारून घेतलं, तरी टॅब हातात घेतला की अजून अपराधी वाटतं. त्या दिवशी काका एका ओवीच्या मध्यावर थांबले. मी सगळे रंग फिरवून पाहिले. गुरुजी म्हणाले, पाठ म्हणा. बायका म्हणाल्या, म्हणा. काकांनी टॅब माझ्या मांडीवर ठेवला.

"तू वाच," म्हणाले, आणि उठून खांबाजवळ, ऐकणाऱ्यांत जाऊन बसले. उभ्या जन्मात ते तिथे कधी बसले नव्हते.

राणीला रानात सोडून येतात तो अध्याय होता. मी वाचलं, गुरुजींनी अर्थ सांगितला, आरती झाली. रोज एकच अध्याय, हा रिवाज काकांनीच पाळलेला. माणसं पांगली, गुरुजीही गेले. काका उठेनात.

"काका, चला. उद्या फुडचो अध्याय."

"उद्या?" त्यांचा आवाज चढला. "तिका अशी रानात ठेवन तू घराक जातलंस? पोटुशी बाई ती!"

"काका, दर वर्षी तुमीच तिका थंय ठेवन घराक जायत होतास."

"माका काय ठाऊक?" ते म्हणाले. "गुरुजी अर्थ सांगीपर्यंत मी फुडची ओळ हुडकी. वाचणाऱ्याक अक्षरां दिसतत रे. गोष्ट ऐकणाऱ्यांची."

काका आता नाहीत. त्या थंडीत मुलीकडे ओरोसला गेले, तिथेच वारले. शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी काय बोललो ते मला धड आठवत नाही. ती संध्याकाळ मात्र आठवते. रिकाम्या मंडपात मी वैतागून पुन्हा मांडी घातली आणि पुढचा अध्याय उघडला. काकांनी खांबाला पाठ टेकली, डोळे मिटले.

"हां," म्हणाले, "वाच आता. बघूया, तिका कोण गावता ता."