फिलेमोन बॅट आखूड धरतो

नागारोतेच्या बेसबॉल संघानं फिलेमोन उर्रोसला नारळ दिला तेव्हा त्याला एकोणचाळिसावं लागलं होतं. बारा हंगाम त्यानं त्या गावासाठी कुंपणापलीकडे चेंडू धाडले होते. मंडळींनी त्याला जेवू घातलं, पाठ थोपटली आणि त्याच्या जागी विशीतला एक गडी आणला.

आठवड्याच्या आत शेजारच्या ला पास सेंत्रोच्या संघाचा मास्तर, बायार्दो मोराहान, त्याच्या दारात उभा राहिला. या दोन गावांतून विस्तव जात नाही. मक्याच्या भाकरीत चीज, कांदा आणि साय गुंडाळलेला केसियो कुणाचा चांगला, यावरूनसुद्धा डोकी फुटतात. शिवाय अकरा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात फिलेमोननं ज्याचा चेंडू भिरकावून ला पासचा चषक हिसकावला, तो चेंडू टाकणारा पिचर हाच बायार्दो.

"चेष्टा करायला आलात का, मास्तर?" फिलेमोननं विचारलं.

"एवढ्या उन्हात चेष्टा करायला कोण येतंय! तू मला रडवलंस. आता माझ्या बाजूनं दुसऱ्यांना रडव."

आतून बायको इर्मा ओरडली, "जा बाबा, जा! घरात बसलास तर मला रडवशील."

तो गेला. पहिल्या पाच रविवारांत एकोणीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि एकदाच बेसवर पोचला. चेंडू दिसायचा, पण बॅट यायची तोवर तो मागच्या गड्याच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असायचा. केसियो विकणारी दोन्या मेल्बा डोक्यावर घमेलं घेऊन पायऱ्यांवर फिरायची आणि तिचा आवाज भोंग्यासारखा होता.

"आजोबा, बॅट ठेवा, काठी घ्या!" ती ओरडायची. "अगं बायांनो, नागारोतेनं हेर पाठवलाय, हेर!"

सगळं मैदान खदखदायचं. फिलेमोन खाली मान घालून बाकावर येऊन बसायचा.

पाचव्या रविवारी बायार्दो त्याच्या शेजारी बसला. "हात वर सरकव. तीन बोटं."

"ती पोराटोरांची रीत. मी बॅट बुडाशी धरतो. आयुष्यभर धरली."

"तुला उशीर होतोय, फिलेमोन. आखूड धरलीस तर बॅट लवकर येईल."

"थकलोय जरा. येईल हात जाग्यावर."

 बायार्दो स्वतःचा उजवा दंड चोळत म्हणाला, "माझा हात संपल्यावरही मी दोन वर्षं चेंडू टाकत होतो. सगळ्यांना दिसत होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी तुला सांगतोय."

 दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यानं अंगणात इर्माच्या हातात मक्याच्या दाण्यांचं टोपलं दिलं. "एकेक दाणा टाक. जोरात."

झाडूचा दांडा तीन बोटं वर धरून तो दाण्यांवर तुटून पडला. पहिल्या दिवशी शंभरातले अकरा लागले. रोज कामावर जाण्याआधी हेच. तळहाताचे फोड फुटले, तर त्यावर फडकं बांधून उभा राहिला.

"कोंबड्या माजल्या माझ्या," इर्मा कुरकुरायची. "तुझ्याकडून चुकेल तेवढं त्याच खातात."

"मग आता उपाशी मरतील," तो म्हणाला. महिन्याभरात शंभरातले साठ लागू लागले.

नागारोतेशी सामना आला त्या दुपारी त्यानं भर मैदानात बॅट आखूड धरली. जुन्या गावची माणसं हसून लोळली. "बायकोचा झारा आणलास का रे?" कुणीतरी ओरडलं. फिलेमोनचे कान तापले, पण हात खाली आला नाही.

समोरचा पिचर तरणा, चेंडू अंगावर आणणारा. दोन चुकले. तिसरा फिलेमोननं नुसता ढकलला. पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून तो उजवीकडच्या गवतात पडला. कुंपण राहिलं लांब, पण पुढच्या बेसवर उभे असलेले दोघं धावत शेवटच्या बेसवर पोचले आणि दोन धावा झाल्या. त्या दिवशी त्यानं असे तीन फटके मारले. तरी ला पास एका धावेनं हरलं.

तो बाहेर पडताना दोन्या मेल्बानं वाट अडवली. एक केसियो त्याच्या हातात कोंबला.

"कसा आहे?" तिनं दरडावून विचारलं.

नागारोतेत जन्मलेल्या माणसानं याचं उत्तर द्यायचं म्हणजे संकटच. "सायीचा आहे," तो तोंड पुसत म्हणाला.

"सायीचा आहे म्हणे! मेला अजून हेरच आहे," ती म्हणाली आणि घमेलं उचलून चालू लागली.

त्या हंगामात त्याचे अठ्ठेचाळीस फटके झाले, त्यात कुंपणापलीकडचे होमरन दोनच. ला पासच्या मंडळींनी पुढच्या वर्षी पोरांना शिकवायचं काम देऊ केलं. "शिकवीन की," फिलेमोन म्हणाला, "पण खेळून झाल्यावर." आणि तो आणखी चार हंगाम खेळला.