सोप्यातलं मशीन

"आता आत काय ऱ्हायलंय म्हणून जपायचं, काका? फॉरमॅट मारू या की."

दुरुस्तीला आलेला महेश आतल्या खोलीत बाबांशी हलक्या आवाजात बोलत होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकले होते. मला ऐकू गेलं नाही असं त्याला वाटलं असावं. त्या मशीनबद्दल आमच्या घरात तात्यांशिवाय कुणी कधी काही ठरवलंच नव्हतं, आणि तात्या जाऊन महिना उलटून गेला होता.

तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते स्टोअर सांभाळायचे. कारखान्यातला पहिला कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर आला आणि नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी घरीही एक जोडून आणला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. लोक बघायला यायचे, उंबऱ्याबाहेर चपला काढून. तात्या त्याला कॉम्प्युटर कधीच म्हणाले नाहीत. मशीन म्हणायचे, लेथ मशीनला म्हणावं तसं. चालू करताना ते तीनदा शिट्टी मारायला लागलं की झाकण उघडायचे, आतली मेमरीची पट्टी उपसायचे आणि माझं शाळेचं खोडरबर मागायचे. पट्टीची पिवळी कड घासली की मशीन सुरू. माझं खोडरबर काळंकुट्ट. धूळ उडवायला सायकलचा पंप होता. कधी हे उपाय लागू पडायचे, कधी मशीन आणखीच बिघडायचं, मग तात्या दोन्ही वेळच्या जेवणाला गप्प.

मी इंग्रजी शाळेत होते. घरात बोलायचे ते मराठी आणि शाळेतलं इंग्रजी यांच्या मधे कुठेतरी माझी जीभ अडकायची, म्हणून मी बोलायचंच टाळायचे. पाहुणे आले की माळ्यावर. पण मशीनवर इंग्रजी चौकट उमटली की तात्या हाक मारायचे, "हे काय म्हणतंय बघ." मी वाचून मराठीत सांगायचे. एकदा सांगितलं, तात्या, ते म्हणतंय की बेकायदेशीर काम झालंय, आता बंद करणार. तात्यांनी हात माऊसवरून उचलला. "मी काय केलं? पोलीस येणार व्हय आता?" त्यांना खरंच तसं वाटलं की त्यांनी गंमत केली, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या घरात माझ्या तोंडून काहीतरी ऐकायची कुणाला तरी गरज होती, हे मला तेव्हा कळलं.

मग ती फ्लॉपी आली. कोडोलीच्या एका नात्यातल्या गृहस्थांनी लग्नपत्रिकेचा मजकूर फ्लॉपीवर भरून आणला होता. पत्रिका छापून झाली, लग्न झालं, आणि आमचं मशीन उठेना. फ्लॉपीबरोबर व्हायरस आला होता. तात्यांनी बरेच महिने बसून केलेलं सगळं गेलं. आईनं समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, बाहेरून आलेला माणूस पाय धुवून आत येतो की नाही? मग फ्लॉपीनं तसंच का यावं?

पुढे नवीन मशीन घेतल्यावर त्यांनी जुनं विकलं नाही. ते सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, दाराशी मांडलं, त्यात व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम घातला आणि नियम केला. बाहेरून आलेली फ्लॉपी, सीडी, नंतर पेन ड्राइव्ह, काहीही असो, आधी सोप्यातल्या मशीनला लागणार. तिथे स्वच्छ निघालं तरच आतल्या खोलीत. कुणी खिशातून पेन ड्राइव्ह काढला की तात्या हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "पावणं, आधी पाय धुवा."

लोक चिडायचे. कबनूरचे मामा मुलाच्या लग्नाचे फोटो दाखवायला आले होते. त्यांना हे फारच लागलं. "आमच्या फोटोस्नी काय खरूज झालीया व्हय, तात्या?"

"झाली असंल तर कळंल की. बसा, चहा घ्या."

पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायला जेवढा वेळ घ्यायची तेवढ्यात चहा होऊन जायचा. मामांच्या फोटोंत खरंच व्हायरस निघाला. तात्यांनी तो काढून टाकला आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. मामांनी दुसरा चहा मागितला.

आतल्या मशीनवर माझ्या नावाचा एक फोल्डर होता. कॉलेजात सेमिनार द्यायचा म्हटलं की मला ताप यायचा. तात्यांनी एक मायक्रोफोन आणला. म्हणाले, माणसांशी बोलायला भीती वाटते ना, मग मशीनशी बोल. रोज संध्याकाळी मी पेपरातली एखादी बातमी वाचायची आणि ते रेकॉर्ड करायचे. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी माझा आवाज बारीक होत जायचा आणि मागून तात्यांचा यायचा, "मोठ्यानं. मशीन भैरं हाय." फोटोंच्या त्यांनी सीड्या करून ठेवल्या होत्या. ह्या आवाजांच्या नव्हत्या. आतलं मशीन सुरक्षित आहे अशी त्यांची खात्री होती... माझीही.

मागच्या वर्षी त्यांचा खोकला थांबेना. छातीचा स्कॅन झाला. तिथल्या कुणीतरी स्कॅनची चित्रं आणि रिपोर्ट पेन ड्राइव्हवर भरून दिला. त्या दुपारी मी घरीच होते. तात्या आले. चपला पायात तशाच. सोप्यातल्या मशीनकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ आतल्या खोलीत गेले आणि पेन ड्राइव्ह लावला.

मी दारातून ते बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते किती घाबरलेत हे मला त्या चपलांवरून कळलं.

"हे काय म्हणतंय बघ," ते म्हणाले.

मी वाचलं. इंग्रजी सोपं होतं. तो एक शब्द मराठीतही तसाच म्हणतात, त्याला भाषांतर लागत नाही. मी म्हटलं, आपण डॉक्टरांना विचारू या. ते माझ्याकडे बघत राहिले. मग "व्हय" म्हणाले आणि पेन ड्राइव्ह काढायच्या आधी, नेहमीसारखं, मशीनला तशी रीतसर सूचना दिली. तेवढी सवय शिल्लक होती.

पुढचे महिने दवाखान्यातले. ते मी लिहू शकत नाही. शेवटी त्यांचा आवाजच गेला होता. नुसते ओठ हलायचे, आणि मी कान जवळ नेऊनही काही कळायचं नाही.

तात्यांचं दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी आतलं मशीन सुरू केलं. मला दुसरं काही नको होतं. फक्त तो आवाज. पण पडद्यावर फोल्डरांच्या जागी त्याच नावांची खोटी चिन्हं होती. त्यांवर क्लिक केलं की मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. त्या दुपारी पाय न धुता आत आलेलं जे होतं, ते इतके महिने आत बसून खात होतं. मी घाबरले नाही. अशा व्हायरसात फायली जात नाहीत, लपतात, हे तात्यांनीच शिकवलं होतं. इंटरनेटची केबल काढली. सेफ मोडमध्ये गेले. काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप केली आणि फोल्डर एकेक करून परत दिसायला लागले, फिकट, पण खरे. माझ्या नावाचाही आला. रेकॉर्डिंग सगळी जागच्या जागी होती, नावं तीच. पहिलं उघडलं. काही नाही. दुसरं. फाईलचा आकार शून्य. सगळ्यांचाच शून्य. आवाजाच्या फायली पोकळ करणारा व्हायरस होता तो. नावं ठेवून आतलं नेलं होतं.

तरी मी सोडलं नाही. कॉलेजातून आले की हेच. गेलेल्या फायली परत आणणारे प्रोग्रॅम सोप्यातल्या मशीनवर उतरवून, तपासून, आत चालवले. कधी वाटायचं, एखादं वाक्य तरी... अर्धं तरी. आई जेवायला बोलवायची आणि मी ऐकायचे नाही. काहीच आलं नाही. व्हायरस मात्र काढला की पुन्हा उगवायचा. म्हणून बाबांनी महेशला बोलावलं.

तो बोलला ते खरं होतं. आत काही राहिलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. फॉरमॅट व्हायला वेळ लागला. चहा निवला, कुणी प्यायलं नाही. मग पडदा उजळला, कोरा करकरीत. तात्यांनी लावलेलं अंबाबाईच्या देवळाचं चित्र गेलेलं. दुकानात नव्या मशीनला असतो तसा निळा रंग.

"झालं," महेश म्हणाला. "आता लागणारे प्रोग्रॅम टाकतो." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून आपला पेन ड्राइव्ह काढला.

आतल्या मशीनमध्ये जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला त्याच्याहून चांगलं माहीत होतं. मी उठले. सोप्यात गेले. आईनं जुन्या साडीचं शिवलेलं झाकण मी जुन्या मशीनवरून काढलं आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. महेशचा हात आतल्या मशीनपर्यंत पोहोचत होता. माझा आवाज फुटेना. मग मी मोठ्यानं बोलले, इतक्या मोठ्यानं की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

"पावणं, आधी पाय धुवा."