भाताचं फूल उघडतं तेव्हा

माधवी खालापूरच्या एका छापखान्यात काम करते. औषधांच्या खोक्यांवरची छपाई भिंगाखाली धरायची, अक्षर फुटलंय का, रंग सरकलाय का ते बघायचं. माहेर कर्जतच्या भिसेगावातलं, सासर दहिवलीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी. शेतीतलं काही कळत नसताना ती या घरात आली आणि पहिली दोन वर्षं नुसते प्रश्न विचारत राहिली. सासरे भिवाजी उत्तर देता देता थकायचे, पण रागवायचे नाहीत.

कॅमेरा तिनं एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, पण नुसती बॉडी. लेन्स परवडत नव्हती. तेव्हा कर्जतमधला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. त्याचे मालक शरच्चंद्रकाका तिच्या माहेरचे शेजारी. त्यांनी कपाटातून रोलच्या काळातली एक लेन्स काढून तिच्या हातात ठेवली. सगळी धातूची, हाताला जड.

"हिच्यात मोटर नाही बरं का," काका म्हणाले. "कॅमेरा काही करणार नाही. फोकस तुलाच फिरवावा लागेल."

"मग कॅमेऱ्याला कळणार कसं, लेन्स लावलीये ते?"

काका हसले. "ते तूच शोध आणि मलाही सांग."

कॅमेऱ्याला कळलंच नाही. लेन्स आणि कॅमेरा जोडणारं ॲडॅप्टर मागवून तिनं लेन्स बसवली, बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली, 'लेन्स नाही'. फोटो निघेना. नवरा नीलेश म्हणाला, फसलीस. माधवी मात्र मेन्यूतली एकेक ओळ वाचत बसली. अखेर एका कोपऱ्यात सापडलं: लेन्स नसतानाही फोटो काढू द्यायचा का? तिनं 'हो' केलं आणि खट्ट आवाज झाला. त्याच मेन्यूत आणखी एक गंमत निघाली. लेन्सची कडी फिरवली की जे स्पष्ट होईल त्याच्या कडा पडद्यावर लाल दिसायच्या. पुढचे काही दिवस ती घरभर लाल रेघा पळवत होती. डाळीच्या डब्यावरून कढीपत्त्यावर, तिथून सासूबाईंच्या नथीवर.

"माझं नाक लाल कशापायी करतंस गं?" सोनाबाईंनी विचारलं.

गणपती गेले आणि भात फुलोऱ्यात आलं. माधवीनं लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पोकळ कड्या बसवल्या, म्हणजे अगदी जवळचं टिपता येतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं बांधावरून एका लोंबीचा फोटो घेतला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. दाणे घट्ट मिटलेले, आणि प्रत्येकाच्या बाहेर बारीक पिवळे तुरे लोंबत होते.

"बाबा, दाणा तर बंद आहे. मग हे बाहेर कसे आले?"

भिवाजी बराच वेळ बघत राहिले. "फुलोरा म्हंजी हाच. पण निघतात कवा, ते मी काय बघितलं नाय. सकाळी जातो तवा बंद, दुपारी जातो तवा बंद."

"फूल उघडत असेल ना मध्ये कधीतरी?"

"आसंल. पण आत उतरू नको हां. फुलोऱ्यात भाताला हात लावायचा नाय."

रविवारी ती चहा घेऊन लगेच बांधावर जाऊन बसली. दाणे मिटलेलेच होते. नीलेशनं मोबाइल पुढं केला, तर त्यानं लोंबी सोडून मागचीच पानं टिपली. कंटाळून नीलेश घरी गेला. ऊन तापलं, दव वाळलं. दहा वाजून गेल्यावर एका दाण्याचं टोक फाटल्यासारखं झालं.

"आई! इकडे या!" तिनं सासूबाईंना हाक मारली.

दाण्यावरचं तूस दोन बाजूंना सरकलं. आतून पांढरे धागे वर चढू लागले, प्रत्येकाच्या टोकाला पिवळा तुरा. मोजले तर सहा. मग शेजारचा दाणा उघडला, मग खालचा. वारा होताच. लोंबी हलली की लाल रेघ निसटायची. कडी फिरवून पाठलाग करण्यात अर्थ नाही, हे तिला चार-पाच फोटो वाया गेल्यावर कळलं. तिनं कडी होती तिथंच सोडली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि स्वतःच केसभर पुढं-मागं झुलू लागली. फुलाच्या कडा लाल झाल्या की बटण.

सोनाबाईंनी पडद्यात डोकावून पाहिलं. आत तळाशी दोन पांढरी, पिसासारखी टोकं होती.

"आगं बया! इतकी वर्सं ह्यात चालले, लावणी केली, कापलं. हे काय दिसलं नाय कदी."

भिवाजी धावत आले. त्यांच्या एका डोळ्याला कमी दिसतं, पण पडद्यावर मोठं केलेलं फूल त्यांना दिसलं. "मला धरू दे," म्हणाले. त्यांनी कडी फिरवली, फूल धूसर झालं, पुन्हा फिरवली, आलं. तीन-चारदा त्यांनी तेच केलं आणि मग म्हणाले, "मिटतंय गं."

खरंच मिटत होतं. तूस परत जुळलं आणि तुरे बाहेरच राहिले.

"म्हणून बंद दिसायचं!" माधवी म्हणाली.

दीडशे फोटोंतले चारच धड निघाले. त्यातला एक तिनं शरच्चंद्रकाकांना पाठवला, मेन्यूतली ती ओळ कुठं सापडली तेही लिहून.

भिवाजींचं समाधान मात्र झालं नव्हतं. जेवताना त्यांनी विचारलं, "ढग आसले तर उघडत आसंल का?"

मंगळवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. माधवीनं कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. "कडीला हात लावू नका. तुम्हीच पुढं-मागं व्हा." आणि ती कामावर गेली.

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"सूनबाई, उघडलं!" भिवाजी ओरडत होते. "उशिरा, पर उघडलं. फोटो काय धड आला नाय, मी लय हललो. पर बघितलं मी."

"किती दाणे उघडले, बाबा?"

"थांब, अजून उघडतायत," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.